घाट, सायलेन्सर आणि माझी रात्रीची भाकर

आमची स्कूटर जुनी, पेट्रोलात तेल मिसळून चालायची. रविवारी आम्ही दोघं तिच्यावर खुलताबादला माझ्या मायकडं जायचो. माय एकटी राहायची, शहरात यायचं नाव काढायची नाय, अन् माझ्या हातात तोच एक दिवस. पण दौलताबादचा घाट लागला की स्कूटर दमायची. घाटातल्या जुन्या दगडी दरवाजाच्या अलीकडच्या वळणावर तर बंदच पडायची. मग मी उतरून पदर खोचून चालायचे, अन् हे वर जाऊन थांबायचे.

एकदा हे म्हणाले, "तुझं वजन वाढलंय. गाडीला झेपंना. पुढच्या टायमाला मी एकटाच मायला भेटून येतो."

आता बघा, माय माझी अन् भेटायला जाणार हे! मला काही सुचंना. त्या दिवसापासून मी रात्रीची भाकर बंद केली. कुणाला बोलले नाय.

महिन्याभरानं ह्यांनी गाडी शहागंजात मिस्त्रीकडं नेली. मीही मागं लागून गेले. चूक गाडीची की माझी, हे मला कानानं ऐकायचं होतं. मिस्त्रीनं इंजिन उघडून दाखवलं. आत काळं कुळकुळीत, दूध करपलेल्या पातेल्यासारखं.

"कार्बन है भाभी. इंजन सांस कैसे लेगा?"

"म्हणजे वजनाचं काही नाय ना?"

"वजन का भी है थोडा."

"कुणाच्या?"

"भाईसाब का भी तो है," तो हसला. हे समोरच्या पानटपरीकडं बघायला लागले.

तो लाकडाच्या चिपाटीनं ते काळं खरवडायला लागला, वरून रॉकेलचा बोळा फिरवायचा. मला राहवंना. म्हटलं, "तव्यावरचा काळा थर गेला की भाकर चिकटते. ह्यातला काढल्यावर काही चिकटणार नाय ना?"

"भाभी, इसमें रोटी नहीं बनानी."

सायलेन्सर मात्र त्यानं आमच्या हातात दिला. घरी नेऊन गोवऱ्यांत भाजा म्हणाला, आतला कार्बन सुटतो. आता पेट्रोल जळून जे उरलं, ते काढायला पुन्हा जाळायचं? ते जळणारं होतं तर आधीच का नाय जळलं? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तू गोवऱ्या लाव."

अंगणात गोवऱ्या रचल्या, मधे सायलेन्सर ठेवला. असा धूर निघाला की दोरीवरची धुणी परत धुवावी लागली. शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"काय भाजताय वो काकू?"

"सायलेन्सर."

"बरं बरं. आमच्यासाठी ठेवा थोडं."

थंड झाल्यावर ह्यांनी तो विटेवर आपटला. आतून काळ्या खपल्या पडल्या, पसाभर तरी असतील.

रविवारी निघालो. घाट लागला. त्याच वळणावर समोरून एस.टी. आली, ह्यांनी गाडी हळू केली, अन् मी आपली सवयीनं टुणकन उतरले. ह्यांना पत्ताच नाय! स्कूटर भुर्रकन वर गेली. मी रस्त्याच्या कडंला उभी.

बऱ्याच वेळानं हे खाली आले.

"बघितलंस, कशी चढली! अन् तू इथं काय करतेस?"

"मी इथंच उतरले की."

"मग मी वरपर्यंत बोलत कुणाशी होतो?"

हसावं की चिडावं, कळंना. ह्यांनी मला मागं बसवलं, तिथूनच किक मारली, अन् दोघांना घेऊन स्कूटर चढली बरं का! वर पोचल्यावर मान वळवून मागं बघत म्हणाले, "कार्बनच होता. आता दर रविवारी दोघंही येऊ." मला किती हलकं वाटलं, काय सांगू.

मायच्या दारात पाय ठेवला तर तिनं आधी माझं मनगट धरलं.

"किती वाळलीस गं? बांगड्या कोपरापर्यंत चालल्या!"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं. म्हणजे गाडी चढली ती कार्बन निघाला म्हणून, का माझी भाकर सुटली म्हणून? दोन्ही एकदमच झालेलं. आता सोडवायचं कसं?

मायनं पिठलं केलं, समोर बसून मला भाकरीवर भाकर खायला लावली. मी मनात म्हटलं, बरंच झालं, जाताना आपोआप कळंल. भरल्या पोटानं स्कूटरवर बसले, अन् वळणापाशी आल्यावर डोक्यात उजेड पडला. परतीला सगळा उतारच. उतारावर काय कळणार?