सबख्यावरची पाठ

सानिका, नील — हे बाबांकडून वाचून घ्या. आणि दिवसा वाचा.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. इथे बहरीनमधल्या शाळेत मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. कुणी "मॅडम, लॅबमध्ये भूत आहे" म्हणालं, की मी त्याला त्या भुतावर दहा ओळी लिहायला लावत असे. बहुतेकांचं भूत तिसऱ्या ओळीतच संपायचं.

मागच्या वर्षी तुम्ही बोलिव्हियातल्या उंच पठारावरच्या मिठाच्या मैदानाचे फोटो पाठवलेत. आजोबा आठवडाभर तेच बघत होते. पण एवढी उंची आता त्यांच्या हृदयाला झेपणार नाही. जूनमध्येच त्यांना स्टेंट बसवला होता. शेवटी म्हणाले, "आपल्याकडेही आहे की मीठ! उंची नाही, एवढंच." बहरीनच्या दक्षिणेला समुद्राकाठी तसंच पांढरं, सपाट मैदान आहे. इथे त्याला सबखा म्हणतात. जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही आमच्या झिंज भागातून गाईडेड टूरच्या मिनीबसने निघालो. अकरा जण. आमच्या शेजारच्या राबियाभाभी — मूळच्या रत्नागिरीच्या — डब्यात घावन घेऊन बरोबर होत्या.

गाईड युसुफ, साठीचा बहरीनी माणूस, हिंदी छान बोलणारा. हातात लांब लोखंडी गज. उतरल्या उतरल्या त्याने बजावलं, "एक के पीछे एक. आगेवाले के निशान पर पैर रखना. ऊपर नमक, नीचे कीचड़. गाड़ी भी खा जाता है."

"आणि मास्तरीणबाईंना?" राबियाभाभींनी माझ्याकडे बोट दाखवून हिंदीत विचारलं.

"उनको नहीं. डाँटेंगी."

सगळे हसले. मीसुद्धा.

रांगेत आजोबा माझ्या पुढे होते. पांढरी टोपी, निळा स्वेटर, हात पाठीमागे बांधलेले. अर्धा तास चाललो असू. ऊन होतं, पण आकाश धुरकट. मीठ कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. एके ठिकाणी रांग थांबली. मी वाकून तुमच्यासाठी मिठाचा एक खडा उचलला, रुमालात बांधला, पर्समध्ये ठेवला. मिनिटभराचं काम. वर बघते तो आजोबांची पाठ दहा पावलं पुढे गेलेली. मी मान खाली घातली आणि निशाणांवर पाय ठेवत निघाले. नियम म्हणजे नियम.

पहिल्यांदा जाणवली ती शांतता. राबियाभाभींचा आवाज बंद पडणं ही साधी गोष्ट नाही. मी मान वर केली... पुढे फक्त आजोबा. त्यांच्या पुढे कोणी नाही. मागे पाहिलं, मागेही कोणी नाही. सगळं पांढरं.

मला आधी रागच आला. फोटोच्या नादात रांग सोडून भलतीकडे निघाले, तेही स्टेंट घेऊन!

"अहो, थांबा की!"

"हं. ये."

आवाज त्यांचाच. पण वळले नाहीत.

मी भराभर चालू लागले. अंतर तेवढंच राहिलं, दहा पावलं. पायाखाली आवाज बदलला. भाजलेला पापड मोडावा तसा कुरकुरू लागला.

"अहो, परत फिरा! इथे मिठाचा थर पातळ वाटतोय."

"हं. ये."

आता माझ्या डोक्यात एकच — हे इथे कोसळले तर? मी एकटी कशी उचलणार? जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या पर्समध्ये होती.

"अहो, छातीत दुखतंय का?"

"हं. ये."

माझे पाय तिथेच थांबले. त्या प्रश्नाचं हे उत्तर होत नाही. "हो" होईल, "नाही" होईल, "गप्प बस" होईल. "ये" कसं होईल? आणि तिन्ही वेळा तोच सूर, तेवढीच लांबी... मग मी नीट बघितलं. चालताना माणसाचे खांदे हलतात. ते हलत नव्हते.

बेचाळीस वर्षांच्या संसारात मी आजोबांना नावाने हाक मारलेली नाही. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण त्यांचं नाव घेतलं ते उखाण्यात, तेवढंच. बाकी सगळं "अहो"वर भागलं. आणि त्या मैदानात मला एकदम कळलं, की मी कुणाला बोलावतेय हे मी एकदाही सांगितलेलं नाही. "अहो"ला काय, कुणीही ओ द्यावी.

"मनोहर!" मी जिवाच्या आकांताने ओरडले.

पुढची पाठ थांबली. डावा खांदा सावकाश वळू लागला...

"शरयू! हलू नकोस! आहेस तिथेच उभी राहा!"

हा आवाज मागून, लांबून आला. मी गर्रकन मागे वळले. दूरवर ठिपक्याएवढी मिनीबस. तिच्या बरंच अलीकडे युसुफ माझ्याकडे धावत येत होता, आणि त्याच्या मागे आजोबांचा दंड राबियाभाभींनी घट्ट धरून ठेवला होता.

पुन्हा पुढे पाहिलं. कोणी नव्हतं. मीठ कोरं होतं. पाऊलखुणा होत्या त्या माझ्या मागे, फक्त माझ्या बुटांच्या. मग इतका वेळ मी कशावर पाय ठेवत होते?

युसुफने माझ्या बुटापासून वीतभर पुढे गज टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. काळा चिखल वर आला, कुजका वास सुटला. मी अडखळत त्याला सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "चेहरा देखा?"

"नहीं."

"अल्हम्दुलिल्लाह." गजाचं दुसरं टोक त्याने माझ्या हातात दिलं, आणि मला बसकडे घेऊन निघाला.

बसपाशी राबियाभाभींनी माझ्या हातात चहा दिला. "बाय गो, आम्हाला वाटलं तुम्ही मागेच आहात!"

आजोबा पांढरेफटक पडले होते. म्हणाले, "अगं, रांग थांबली तिथूनच सगळे मागे फिरलो. तू वाकली होतीस. मी म्हटलं, चल, चहा घेऊ. तू म्हणालीस, 'हं, आलेच.'"

मी काहीही म्हणाले नव्हते. त्यांचा आवाजही मला ऐकू आला नव्हता.

आजोबा इंजिनिअर. त्यांनी नंतर बरीच कारणं सांगितली — चकाकी, कमी पाणी, साखर उतरणं, मृगजळ. मी ती वहीत ओळीने लिहून ठेवली आहेत आणि एकेक तपासून पाहिली आहेत. मृगजळ दिसतं हे मला मान्य आहे. पण ते "ये" म्हणत नाही.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी आजोबांना "मनोहर" म्हटलं, तेव्हा सानिका, तू हसलीस — "आजी, सिन्स व्हेन?" तेव्हापासून, बाळा. आजोबांना गंमत वाटते. आत्ताही ते आतल्या खोलीत आहेत. हाक मारली की लगेच ओ देतात. पण ओ आली तरी, त्यांचा चेहरा दिसेपर्यंत मी जागची हलत नाही.