भोंगामामांची कुजबुज

आमच्या गल्लीत एखादं गुपित सांगायचंच असेल, तर ते कुणालाही सांगावं, फक्त भोंगामामांना सांगू नये. माणूस अगदी विश्वासाचा, पण गळा बेइमान. अर्धं आयुष्य कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे मामांचे कान थोडे गेले आणि आवाज मात्र कमावला गेला. मामींच्या कानाशी लागून ते म्हणतात, "भाजी जरा खारट झालीय," आणि कोपऱ्यावरचा न्हावी दुसऱ्या दिवशी मामींकडे सहानुभूतीनं बघतो. आपण कुजबुजतो, अशीच मामांची प्रामाणिक समजूत. म्हणून मामा बोलणार असं दिसलं, की मामी उठून खिडकी लावून घेतात. फरक काहीच पडत नाही, पण संसारात काही गोष्टी मनाच्या समाधानासाठी करायच्या असतात.

या मामांना कायदेमंडळाच्या निवडणुकीत कामगारांचा उमेदवार करायचं गिरणीतल्या मंडळींनी ठरवलं, तेव्हा शहाण्यासुरत्यांनी कपाळाला हात लावला. भाषण येत नाही, आणि बरा सदरा एकच. पण कामगारांचं गणित सरळ होतं. आजवर निवडलेला प्रत्येक पुढारी मालकांशी बोलायला बंद दाराआड गेला आणि बाहेर आला तो गुळगुळीत होऊन. शेवटचा तर परतलाच नाही. हेडक्लार्क होऊन तिथेच पंख्याखाली बसतो. मामांना सात दारांच्या आत कोंडलं, तरी आतलं बोलणं गिरणीच्या फाटकापर्यंत ऐकू येणार. एवढी हमी दुसऱ्या कुणाची देता येते?

मामांनी "विचार करून सांगतो" म्हटलं. ते पलीकडच्या गल्लीलाही कळलं.

मामींना मात्र हे खूळ वाटत होतं. उभ्यानं काम करून करून मामांचे गुडघे कामातून गेले होते. रोज संध्याकाळी त्यांना तेल चोळून चोळून मामींचे हात दुखायला लागले होते. पुढारीपण गेलं चुलीत, नवऱ्याला कुठंतरी बसून करायचं काम मिळावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

अर्ज भरायच्या आदल्या संध्याकाळी हेडक्लार्क घरी आले. मामींनी चहा टाकला आणि खिडकी लावली. हेडक्लार्कांचा आवाज लोण्यासारखा. मामांच्या कानाशी वाकून त्यांनी काहीतरी सांगितलं. मामांना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मामांनी खात्री करून घेतली.

"म्हणजे मी अर्ज भरायचा नाही, आणि तुम्ही मला फाटकावर बसायचं काम देणार?"

समोरच्या घरात भांडी घासणं थांबलं. न्हाव्याची कात्री थांबली. हेडक्लार्कांना घाम फुटला.

"मामा, जरा हळू."

"हळूच बोलतोय की," मामा म्हणाले. आणि मग, माणूसच तो, मामींकडे बघत त्यांनी विचारलं, "पण बसायला नक्की मिळेल ना? गुडघे राहिले नाहीत हो माझे."

गल्लीत कुणी हसलं नाही. माडीवरच्या वहिनी गिरणीत सूत गुंडाळायच्या यंत्रापाशी दिवसभर उभ्या असतात. त्यांनी वरून आवाज दिला, की मामा, आमच्या गुडघ्यांचंही विचारा.

मामांना ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. मामींना आलं. त्यांनी ते पोटात ठेवलं असतं, तर फाटकावरची जागा पक्की होती. कपबशी हातात धरून त्या क्षणभर थबकल्या. मग ती खाली ठेवून नवऱ्याच्या कानाशी गेल्या.

"वरच्या वहिनी विचारतायत, त्यांच्या गुडघ्यांचं काय?"

मामांनी तो प्रश्न हेडक्लार्कांना केला. हेडक्लार्क म्हणाले, सगळ्यांना कसं बसवणार, ते काही माझ्या हातात नाही. मामा गुडघा चोळत बराच वेळ गप्प राहिले. गल्लीला त्यांची शांतता ऐकायची सवय नव्हती. दोघेतिघे काळजीनं दारात येऊन उभे राहिले.

मामा तोंड उघडणार असं दिसलं, तशा मामी सवयीनं उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. तिची दोन्ही दारं त्यांनी सताड उघडली.

"आता सांगा यांना काय ते," त्या म्हणाल्या. "हळूच सांगा."

मामांनी हळूच सांगितलं. सकाळी अर्ज भरायला अख्खी गल्ली न बोलावता हजर होती.