लाल पत्र्याची किल्ली

कचेरीत नोकरी केलेल्या माणसाकडं किस्से फार. एक सांगायला घ्यावा तर दुसरा पुढं सरकतो. आमच्या उमरग्याच्या कचेरीतले हवामानाचे किस्से ऐकून लोक पोट धरून हसतात. मी मात्र खाली मान घालतो.

निजामाच्या अमलातली गोष्ट. रोज सकाळी हैदराबादेहून हवामानाची तार यायची. ती वाचून मी, तिथला कारकून, आणि आमचे चपराशी गफूरचाचा कचेरीच्या दारावर रंगवलेला पत्रा टांगायचो. पांढरा म्हणजे आभाळ साफ, निळा म्हणजे पाऊस, लाल म्हणजे तुफान. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, असा तहसीलदार साहेबांचा हुकूम!

*

लाल पत्रा पहिल्यांदा टांगला, त्या दिवशी अर्धं गाव गाडगी-मडकी घेऊन रानात निघालं. लोकांना वाटलं, लाल म्हणजे प्लेग आला! प्लेगात रानात झोपड्या घालून राहायची रीतच होती. ऐन तुफानात बायका-पोरं उघड्यावर. एक म्हातारी निथळत परत आली आणि म्हणाली, "ह्यो पलेग लई वल्ला हुता, बाबा!"

*

साहेब भडकले. लाल पत्रा कपाटात, कुलूप कपाटाला, किल्ली साहेबांच्या खिशात.

"मेरे हुक्म के बगैर तुफान नहीं लगेगा!"

गफूरचाचा बाहेर येऊन पुटपुटले, "बरंय. तुफानाला बी कळवाया पायजे."

*

एकदा दारावर पांढरा पत्रा आणि शेजारीच साहेबांच्या अंगणात बेगमसाहेबांच्या शेवया वाळत होत्या. ढग दिसताच साहेब ओरडले, "गफूर, शेवया अंदर ले!" चाचा शेवयांची खाट डोक्यावर घेऊन पळाले. शेवया आत गेल्या, पत्रा पांढराच राहिला! अख्खा बाजार बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

फाल्गुनात साहेब दौऱ्यावर गेले, किल्लीसकट! नेमकी त्याच दिवशी तार आली, तुफानाची. दारावर आदल्या दिवसाचा पांढरा पत्रा, आणि दार रिकामं ठेवायची मनाई.

"निळा तरी लावू का?" चाचांनी विचारलं.

"तारेत तुफान आहे. चुकीचा पत्रा लावला तर दोघांची नोकरी जाईल."

तेवढ्यात शिवारातला ज्ञानबा आला. "रावसाहेब, पत्रा पांढरा हाय. सालाची ज्वारी खळ्यावर हाय, ऱ्हाऊ दिऊ नव्हं?"

तारेतलं तोंडी सांगायचं नाही, हाही हुकूमच होता. मी म्हणालो, "पत्रा बघून ठरवा." चाचांनी तोंड फिरवलं.

दुपार कलताच नळदुर्गाकडून काळंभोर आभाळ चढलं आणि गारा कोसळल्या. ज्वारी मातीत गेली. दारावरचा पत्राही उडाला.

दुसऱ्या दिवशी ज्ञानबा आला. काखेत पत्रा, गारांनी पोचे पडलेला.

"आमच्या खळ्यात यिऊन पडला हुता. सरकारी माल हाय, म्हून घिऊन आलो."

हात पुढं करायची आम्हा दोघांचीही छाती झाली नाही. त्यानं धोतराच्या सोग्यानं पत्र्याचा चिखल पुसला, स्वतःच खिळ्याला अडकवला आणि अदबीनं विचारलं,

"आज बी पांढराच नव्हं, रावसाहेब?"