रुईच्या पानावरची अळी

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची, ही पद्धत आमच्याकडे आईपासूनची. आज सकाळी पानं खुडताना एका पानावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली. निवांत कुरतडत होती. “चिकाचा हात डोळ्याला लावशील तर याद राख,” असं आई दर शनिवारी बजावायची. तोच चीक ही पोटभर पीत होती. कुंपणावरच्या बुलबुलाने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. का कोण जाणे, मला त्याचा रागच आला. रुईचं विष म्हणे अळीच्या अंगात साठतं, तिचं फुलपाखरू झालं तरी जात नाही. एकदा चोच मारलेला पक्षी पुन्हा तिच्या वाटेला जात नाही.

आईनंही सासरी वर्षानुवर्षं सगळं कडू मुकाट गिळलं. उलटून एक शब्द बोलली नाही. पुढे मात्र तिला काही बोलायला कुणी धजेना. ती नुसती बघायची, तेवढं पुरे व्हायचं. मी तापाने फणफणले असले तरी तिच्या कुशीत शिरण्याआधी तिचा चेहरा बघून घ्यायचे.

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. परडी घेऊन मी घरात आले, तर माझी लेक दारातच उभी होती.

“काय गं?” मी विचारलं.

तिने आधी माझा चेहरा बघून घेतला.

“काही नाही आई. नंतर सांगते,” म्हणाली आणि आत गेली.

खरं सांगते, मी तिला आजवर एकही वाकडा शब्द बोललेली नाही.