विमानभाऊनं बांधलेली गाठ

विमानभाऊ कोणत्याही वस्तूले हात लावायच्या आधी डोळे मिटत. चायचा कप असो, दाराची कडी असो, विहिरीचा दोर असो, आधी डोळे मिटणार, मंग हात पुढं नेणार, चाचपणार, आन् वस्तू बरोबर हाताले लागली तरच उचलणार. नाई लागली तर डोळे उघडून त्या वस्तूकडं असे पाहत जशी तिनंच काही गुन्हा केला. गावचे पोट्टे त्यांच्या मागं मागं डोळे मिटून चालत आन् नालीत पडत. मी नवी सून होती तवा मले वाटलं, हा माणूस येडा आहे. त्यांच्या घरावरून जायचं असलं की मी तोंडाले पदर लावून पळतच जात होती.

आमचं गाव बल्लारपूरपासून दीड कोसावर, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. आम्ही ढीवर लोक. माझे सासरे, त्यायले मी मामाजी म्हणते, तलावात जाळं टाकतात, आन् माझा मालक बल्लारपूरले कागदाच्या कारखान्यात जाते. विमानभाऊ लढाईच्या दिवसांत विमानाच्या फौजेत फिटर होते, तिकडं आसामकडं. लढाई संपली, छाती खराब झाली, मंग गावी लहान भावाच्या घरी येऊन राह्यले. सायकली, पंप, कंदील दुरुस्त करत. नाव त्यांचं दुसरंच होतं, पण ते कोणाच्याच ध्यानात राह्यलं नाई.

माझी मंजी तवा पाच महिन्यांची होती. मी कंदील दुरुस्तीले घेऊन गेली. भाऊनं तो नीट करून माझ्या हाती दिला आन् म्हणाले, "लावून पाय." मंजी काखेत रडून राह्यली, चार माणसं बसलेली, माझा जीव कासावीस झाला, मले वात खाली करायची होती आन् मी ओढली काच उचलायची तार. बोटं भाजली, कंदील पडता पडता राह्यला. सगळे हासले. भाऊ हासले नाई. त्यांनी डोळे मिटून दोन्ही तारा चाचपल्या आन् म्हणाले, "एकाच बाजूले, एकाच जाडीच्या. तुझी चूक नाई, बाई. कंदिलाची चूक."

मी चौथी शिकली, मंग लग्न झालं. घरी, शाळेत, सासरी, सगळीकडं माझीच चूक निघे. मी भितेच लय. साप, रेल्वेची शिटी, तार घेऊन येणारा, पोरीचा ताप, सगळ्याले भिते, आन् भ्याली की हात कुठी जाते ते मले कळतच नाई. भाऊले ते एकाच नजरेत समजलं. दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात येऊन माझ्या सासूले म्हणाले, "वहिनी, तुमची सून मले रोज घडीभर पाह्यजे. गावात तिच्याएवढं भित्रं कोणी नाई."

सासू चिंचा फोडून राह्यली होती, तिचा हात थांबला. "भित्रेपणाची नोकरी लागली वो माझ्या सुनेले! चल, मी पण येते, पाहू दे काय काम आहे."

काम असं होतं. भाऊनं मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, चायपत्तीच्या पेट्या जोडून विमानात पायलट बसते ती जागा बनवली होती. मोडकी खुर्ची, समोर फळी, फळीवर डब्याच्या झाकणांच्या घड्याळी, तेल किती, वेग किती ते दाखवणाऱ्या, बाजूले लाकडाचे दांडे. त्यात मले मंजीसकट बसवायचे. मंग ओल्या शेणावर चुलीतले निखारे टाकून धूर करायचे, रॉकेलचा डब्बा बडवायचे, मंजी रडे, आन् भाऊ ओरडत, "फडकं! फडकं वर घे!" फडकं हा त्यातलाच एक दांडा, पण मी घाबरून कोणतातरीच ओढी. चुकली की भाऊ टाळी वाजवत, "शाबास पारबता! चुकलीस! आता मले समजलं कुठी बिघडलं ते." आन् पाटीवर काहीतरी लिहीत. सासू दारात चिंचा फोडत बसलेली राहे. भाऊची भावजय चुलीपासून आवाज दे, "भाऊजी, आज कुठी उडून राह्यले? सिरोंच्याहून येता येता मिरच्या घेऊन या!"

मी एक दिवस विचारलं, काऊन करता हे सगळं? भाऊनं पाटी खाली ठेवली. मंग त्यांनी सांगतलं. त्यांच्या तळावर एक पायलट होता, एकवीस वर्षांचा, आईले दर आठवड्याले चिठ्ठी लिहिणारा. विमानाच्या पंखाच्या मागं पत्र्याचं फडकं असते, उतरताना ते खाली करतात, उतरल्यावर वर घेतात. त्या फडक्याचा दांडा आन् चाकं आत घ्यायचा दांडा एकमेकाले चिकटून, दोघंही सारखे. पोरगा तीन दिवस झोपला नव्हता. विमान उतरलं, पळून राह्यलं होतं, आत इंजनाचा धूर भरला होता, त्यानं फडकं वर घ्यायले हात नेला आन् ओढला चाकाचा दांडा. विमान पोटावर बसलं, पेटलं. भाऊ धावत आगीत शिरले, पण त्याचा पट्टा निघाला नाई. भाऊची छाती त्याच धुरानं गेली होती.

"साहेबलोकांनी कागदावर लिहिलं, पायलटची चूक," भाऊ म्हणाले. "मी ते दांडे रोज पुसत होतो, पारबता. रोज माझ्या हाताले कळत होतं, दोघं सारखे आहेत. मी कोणाले बोललो नाई. फिटरनं कायले बोलावं, वाटलं."

तवापासून मले त्यांचं येडेपण समजलं. त्यांना मरायच्या आधी असा दांडा बनवून तो साहेबांच्या गळी उतरवायचा होता, जो भ्यालेला माणूस डोळे मिटूनही चुकणार नाई. खोकला तर रोज वाढून राह्यला होता. त्यांचं म्हणणं एकच, "शहाण्या माणसासाठी नको बनवू, घाबरलेल्या हातासाठी बनव. शहाणा माणूसही कधीतरी घाबरतेच."

आधी त्यांनी रंग लावून पाह्यला. चाकाचा दांडा लाल केला, म्हणजे इकडं हात नेऊ नको. डब्बा बडवला, धूर केला, आन् मी सरळ लालच धरला. परत केलं, परत लाल. भाऊ म्हणाले, "अवं, लाल म्हणजे धोका!" मी रडकुंडीले आली, "भाऊ, लाल म्हणजे कुंकू. भ्याली की हात आधी तिकडंच जाईन ना." भाऊ हासले, हासता हासता खोकला लागला. "आन् धुरात रंग दिसणारच कसा," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी विमानाच्या काचेच्या आत काहीच दिसत नव्हतं."

मंग माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, मामाजीच्या जाळ्याले दोन दोऱ्या असतात, एक ओढायची, एक सोडायची. जाळं खुंटात अडकलं आन् चुकून ओढायची ओढली तर पाय गुंतते, माणूस खाली जाते. गढूळ पाण्यात कोणाले काय दिसते? म्हून सोडायच्या दोरीले तीन गाठी मारतात. बोटाले गाठ लागली की सोड, डोक्याले विचारायचंच नाई.

भाऊनं हातातला दांडा तिथीच टाकला. उठून आमच्या घरी गेले, मामाजीजवळ बसून अर्धा दिवस डोळे मिटून त्या दोऱ्या चाचपत राह्यले. मामाजी मले संध्याकाळी म्हणतात, "त्याले जाळं विकत पाह्यजे का काय? काही बोलतच नाई, नुसता कुरवाळते."

आठ दिवसांत त्यांनी नवे दांडे कोरले. चाकाच्या दांड्याच्या टोकाले सागाचं लहानसं गोल चाक, वर खाचा पाडलेल्या. फडक्याच्या दांड्याले चपटी पट्टी, मच्छीच्या शेपटीसारखी. आन् दोघांत वीतभर जागा सोडली. त्या दिवशी भाऊनं डब्बा फुटेपर्यंत बडवला, मंजी बेंबीच्या देठापासून रडली, धुरानं सासूसुद्धा अंगणात पळाली. वीस वेळा सांगतलं, वीसही वेळा माझा हात बरोबर गेला. घड्याळीही त्यांनी फिरवून बसवल्या, सगळं ठीक असलं की सगळे काटे वरच्या अंगाले. मी म्हटलं, हे तर तलावावरच्या बगळ्यांसारखं झालं, सगळे एकीकडंच तोंड करून उभे राह्यतात, एक फिरला की लगेच दिसते. भाऊनं ते पाटीवर लिहून घेतलं.

माझ्या मालकानं कारखान्यातून खराब निघालेला कागद आणला, त्यावर भाऊनं नकाशे काढले. खाली आपलं नाव लिहिलं, आन् त्याच्याखाली लिहिलं, गाठीची कल्पना पारबताबाई, ढीवर, हिची. माझं नाव मी कागदावर पहिल्यांदा असं पाह्यलं. मी तर भ्यालीच, म्हटलं खोडा, साहेब पकडून नेतील. भाऊ म्हणाले, "नेलं तर बरंच, दोघं जाऊ, विमान तरी पाहशील."

विमानाच्या फौजेच्या साहेबांच्या नावानं पाकीट बल्लारपूरच्या पोष्टात टाकलं आन् भाऊ वाट पाहत बसले. पोष्टमनले पाळीवरच गाठत. उन्हाळा गेला, धान रोवून झाले, तवा कुठी उत्तर आलं. इंग्रजी होतं, गुरुजीनं वाचून सांगतलं. तीनच ओळी. आभारी आहोत. आमचे पायलट शिकवून तयार केलेले आहेत, ते घाबरत नाईत. या बदलाची गरज वाटत नाई.

"घाबरत नाईत?" भाऊ म्हणाले. "मंग हे लिहिणारा कधी विमानात बसलाच नसन."

बस, एवढंच बोलले. पण त्या दिवसापासून सपरीत गेले नाई. खाटेवरच राहू लागले, खोकल्यात रक्त यायले लागलं. मी पेज घेऊन जाई तर भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी म्हटलं, भाऊ, अजून एक पाकीट टाकू, मी लिहिते, तुम्ही सांगा. ते म्हणाले, "माझं कोणी वाचलं नाई, तुझ्यासारख्या भित्रीचं कोण वाचते?" मले वाईट वाटलं, मी दोन दिवस गेलीच नाई. ते दोन दिवस मले आता डाचतात.

एक दिवस ते आपणहून काठी टेकत आमच्या घरी आले. मंजीले सर्दी होती म्हून दवाखान्यातून दोन शिश्या आणल्या होत्या, एक प्यायची, एक छातीले चोळायची. चोळायचं औषध पोटात गेलं तर लेकरू जाईन, असं कंपाउंडरनं सांगतलं होतं. दोन्ही कोनाड्यात होत्या. भाऊनं सवयीनं डोळे मिटले, हात कोनाड्यात नेला, एक शिशी चाचपली, दुसरी चाचपली. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"पारबता, हे तेच आहेत वो. तेच दोन दांडे."

"मले मालूम आहे ना भाऊ, डाव्या हातची चोळायची."

"त्यालेही मालूम होतं," भाऊ म्हणाले.

त्यांनी मामाजीच्या जाळ्याची सुतळी मागून घेतली आन् चोळायच्या शिशीच्या गळ्याले तीन गाठी मारल्या. हात इतके थरथरत होते की तीन गाठींले अर्धी दुपार लागली. मी म्हटलं, द्या, मी मारते, तर देईनात. ते त्यांचं शेवटचं काम. नवव्या दिवशी भाऊ गेले.

तेरवीच्या सैपाकाले लाकडं कमी पडली. मी पाण्याचा गुंड घेऊन मागच्या अंगणात गेली तर चायपत्तीच्या पेट्या चुलीत, खुर्ची चुलीत, घड्याळीची फळी अर्धी जळालेली. भावजय म्हणाली, "काय करू माय, पाऊस, सुकं लाकूड हेच होतं." ती रडतच होती, तिले मी काय बोलू. राखेच्या कडेले दोन दांडे पडले होते, चाकाचा आन् शेपटीचा. ते मी पदरात घेतले.

महिना झाला असन. झड लागली होती, तीन दिवसांपासून सूर्य नाई. दुपारची वेळ, घरी मी एकटी, ओलं सरपण, घरभर धूर. मंजी तापानं फणफणली होती, आन् एकाएकी खोकता खोकता तिचा श्वास अडकला, ओठ निळे पडले, डोळे वर गेले. मी ओरडली, कोणी ऐकलं नाई, पावसात कोण ऐकते. तिले काखेत धरून मी कोनाड्यात हात घातला, शिशी ओढली, दातानं बूच काढलं, चमचाही नाई घेतला, सरळ तिच्या तोंडाशी नेली.

बोटं थांबली. मले काही दिसत नव्हतं, काही सुचत नव्हतं, पण बोटाखाली सुतळी होती, आन् सुतळीले गाठ. एक, दोन, तीन. डाव्या हातची शिशी उजवीकडं कधी गेली, झाडताना मीच सरकवली का आणखी कोणी, मले अजून मालूम नाई. मी ती शिशी अशी फेकली की भिंतीवर फुटली. मंग मंजीले पालथं धरून पाठीत चापट्या मारल्या, घशातला बेडका पडला, आन् ती रडली. तिच्यामागं मी रडली.

जीव ठिकाणावर आला तशी मी पोरीले पदराखाली घेऊन भर पावसात पळत भाऊच्या सपरीपाशी गेली, सांगायले. तिथी बकरी बांधली होती. त्या पेटीत बसून मी शंभर वेळा चुकली, दरवेळी त्यांनी शाबास म्हटलं. चुकली नाई त्या दिवशी शाबास म्हणणारं कोणी नव्हतं.

आता मंजी चालते. सागाचं ते चाक तिच्या खेळण्यात आहे, अंधारातही ती ते बरोबर शोधून काढते. कधीमधी नागपूरकडून विमान जाते, लय वरून, पोट्टे ओरडत अंगणात धावतात, मंजीही हात हलवते. मी वर पाहत नाई. मी डोळे मिटते. वर कोणाचंतरी लेकरू बसलेलं आहे, आन् त्याच्या हाताखाली गाठ आहे का नाई, ते मले मालूम नाई.