तुटलेला माउस

परवा बंगळुरूच्या मारतहळ्ळीत नातीचा माउस ऐन छपाईत बंद पडला. मी म्हटलं, "खिडकीचं चित्र असलेली कळ आणि आर एकदम दाब. मग 'कंट्रोल प्रिंटर्स' लिही."

"आजी, तू तर चौथी शिकलेली! कुणी शिकवलं?"

"तुझ्या आईनं. मार खाता खाता."

सत्त्याण्णव साल असेल. माझी लेक सुमा भाड्याच्या कॉम्प्युटरवर नोकरीचा अर्ज छापत होती. चारच्या आत द्यायचा होता. तिच्या अप्पांना तिचं लग्न उरकायचं होतं. त्यांनी माउस उपटला आणि वायरीनं तिच्या पाठीवर सपासप फटके ओढले. माउस तिच्या भुवईवर बसला, मग भिंतीवर फुटला. कळांवर रक्त गळलं.

"आता छाप बघू!"

सुमा रडली नाही. तोंडानं अक्षरं म्हणत तिनं दोन कळा दाबल्या, शब्द लिहिले, प्रिंटरची सेटिंग उघडली, अडकलेली छपाई सुरू केली. हे पुन्हा धावले, तेव्हा मी पोळपाट त्यांच्या मनगटावर हाणला. हाड कडकन वाजलं.

"साकु, पुरे झालं," मी म्हटलं. कागद बाहेर आला.

नवऱ्यावर हात उचलला म्हणून तेव्हा मी महिनाभर देवाची माफी मागत होते. आता वाटतं, पहिल्या फटक्यालाच हाणायला हवं होतं.