परक्या घरातली झारी

आधीच सांगून टाकतो, मी चमत्कार मानत नाही. आम्ही घाटकोपरची बौद्ध माणसं. नवस, अंगारे-धुपारे माझ्या वडिलांनीच उंबऱ्याबाहेर ठेवले. पण जे घडलं ते मनात दाबून बसणं आता जमत नाही, म्हणून लिहितोय.

माझी मुलगी प्रज्ञा सव्विसाव्या वर्षी डेंग्यूने गेली. ताप आला तेव्हा मीच म्हणालो होतो, "साधा ताप आहे गं. गोळी घे आणि झोप. लगेच काय डॉक्टर?" दोन दिवस हेच म्हणत राहिलो. तीस वर्षं बस चालवली, आरेतल्या वळणांवर कधी कुणाला खरचटू दिलं नाही, आणि घरच्या पोरीच्या वेळी माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे. तिच्या जलदान विधीला बौद्धाचार्यांनी तांब्या पुढे केला. म्हणाले, आधी वडिलांनी पाणी सोडायचं. कुठल्या तोंडाने सोडणार होतो? हात मागे घेतला आणि सगळ्यांसमोर विहारातून चालता झालो. त्या दिवसापासून तोंडून त्रिसरण निघेना. संध्याकाळी बायको वंदनेला उभी राहिली की मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायचो.

श्रीलंकेत कोलंबोपासून मातारापर्यंत समुद्राच्या कडेने एकटीने सायकल चालवायची, असं प्रज्ञाने ठरवलं होतं. पेन्सिलने रस्ता काढलेला कागद तिच्या टेबलावर तसाच होता. वर्षभराने तो कागद आणि तिचीच सायकल घेऊन मी निघालो. एकसष्टाव्या वर्षी! नातेवाईक म्हणाले, डोकं फिरलंय याचं. हिने एवढंच विचारलं, "परत येणार ना?" मी म्हटलं, "येणार की." खरं सांगतो, परतीचं तिकीट मी काढलंच नव्हतं. तिथे जाऊन काय करायचं, हेही ठरलं नव्हतं. नुसतं घरी नको होतं.

चौथ्या दिवशी, गॉल मागे पडल्यावर, भर दुपारी चेन तुटली. गुडघे सुजलेले, जवळचे सगळे कपडे घामाने आंबलेले. पिशवीत हिने घातलेला पांढरा सदरा तेवढा कोरडा होता, तो अंगात चढवला. समोर एवढा मोठा समुद्र, आणि मला त्याचा राग येत होता. हे तिने बघायचं होतं, मी नाही. सायकल ढकलता ढकलता रस्त्यातच मोठ्याने रडलो. पुढे एका गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या पताका दिसल्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आत चालली होती. आमच्याकडे पौर्णिमेला विहारात असंच दिसतं. मला वाटलं, पौर्णिमेचा कार्यक्रम असणार, पाणी तरी मिळेल. आत शिरलो आणि सवयीने खणखणीत आवाजात म्हणालो, "जय भीम!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. समोर शवपेटी होती. आत एक म्हातारी बाई, उशाशी दिवा. तिकडे मयताच्या घरी पांढऱ्या पताका लावतात, हे मला कुठे ठाऊक? मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे फिरणार, तोच एका बाईने खुर्ची पुढे केली, पाण्याचा ग्लास दिला. कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. पांढऱ्या सदऱ्यामुळे मला त्यांच्यातलाच समजले असतील.

भंतेजी आले आणि त्रिसरण सुरू झालं. चाल वेगळी, शब्द तेच, माझ्या आईने शिकवलेले. ओठ आपोआप हलायला लागले. मग गेलेल्या बाईच्या नावाने पाणी सोडायला तोटीची एक झारी आणि पेला आणला. बाईचा नवरा, ऐंशीच्या पुढचा, झारी उचलायला गेला, पण त्याचे हात इतके थरथरत होते की उचलेना. नातेवाईक पुढे सरसावले. त्याने मान हलवली, माझ्याकडे पाहिलं आणि माझं मनगट धरून हात झारीवर ठेवला. मलाच का, ते मी आजही सांगू शकत नाही. रडून सुजलेले डोळे दिसले असतील. या वेळी मला हात मागे घेता आला नाही. धार पेल्यात पडत राहिली, पेला भरून खालच्या ताटलीत सांडला, आणि मी "प्रज्ञा, प्रज्ञा" म्हणत परक्या माणसांत लहान पोरासारखा रडलो. म्हातारा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. खरं तर बायको त्याची गेली होती!

बाहेर आलो तर चेन जोडलेली. कुणी जोडली, कळलं नाही.

हिला फोन केला. "अगं, पाणी सोडलं मी. आपल्या पोरीचं."

ही म्हणाली, "मी अजून सोडलेलं नाही."

"म्हणजे? त्या दिवशी?"

"तुम्ही उठून गेलात. तुमच्याशिवाय मी एकटी कशी सोडणार होते? तिला दोघांनी वाढवलं ना?"

वर्षभर मला वाटत होतं, शिक्षा मी एकटाच भोगतोय. मातारा थोडंच राहिलं होतं, पण पुढे गेलो नाही. तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि परतीचं तिकीट काढलं.

दुःख कमी झालं का, असं विचाराल तर नाही. पण सगळं माझ्याच हातात होतं, हा हट्ट त्या म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातांनी माझ्याकडून काढून घेतला. त्याचं नावही मला माहीत नाही. वंदनेला उभा राहिलो की त्याला आणि त्याच्या बायकोला रोज हात जोडतो.

पुढच्या रविवारी विहारात तांब्या पुन्हा समोर आला. "नीट धरा," ही म्हणाली. माझ्या हातावर तिने आपला हात ठेवला, आणि आम्ही पाणी सोडलं.